एस्पेरांसाला द्यायचा हिशेब

एस्पेरांसा, तू कुंपणावरून विचारलेस,
ते एअर फ्रायर घेण्यासारखे आहे का हो,
ऑफर रविवारी संपते.
मी एकोणतीस वर्षे कदंबात कंडक्टर.
तोंडाला येईल ते सांगायची सवय नाही,
सुट्या पैशांपर्यंत हिशेब देतो. ऐक.

आधी आवाज.
कढईत बांगडा सोडला की सगळ्या घराला कळायचे.
न्हाणीत असलो तरी मला समजायचे,
आता पालटला, आता दुसरी बाजू होत आली,
आता पंचा सोड, शर्ट घाल.
हे यंत्र अनमोड घाटात दुसऱ्या गियरमध्ये अडकलेल्या बससारखे
घुं घुं करत राहते
आणि शेवटी, टिंग.
माझ्या नोकरीत एक टोला म्हणजे थांबा.
मी अजून खुर्चीतच थांबतो.
मग सुलक्षा आतून ओरडते,
उतरा, आले तुमचे कुडचडे.

नीरफणसाचे काप छान होतात, खोटे का बोलू.
कडा तांबूस, आत लोणी.
बांगडा होतो, पण कोरडा,
लग्नाच्या फोटोसाठी ओढून आणलेल्या काकासारखा.
भज्यांचे पीठ जाळीतून गळले
आणि तळाशी एकच भजे झाले
गोव्याच्या नकाशाएवढे,
पेडण्याकडे करपलेले, काणकोणाकडे कच्चे.
आम्ही फोंड्यापुरते खाल्ले.

वीज तर तुलाही ठाऊक आहे.
सात वाजता गेली, इन्व्हर्टर त्याला ओढत नाही,
अर्धा शिजलेला बांगडा आत अंधारात बसून राहिला,
आम्ही बाहेर.

तेल. महिन्याला चार लिटर खोबरेल यायचे घाण्यावरून,
आता एक येते, तेही उरते.
मडगावच्या डॉक्टरने माझ्या छातीत दोन स्प्रिंगा घातल्या,
त्यांचे बिल एका बाजूला, यंत्राचे साडेसहा हजार दुसऱ्या बाजूला,
बेरीज वजाबाकी तूच कर.

इथपर्यंत मी तुला कालच सांगितले असते.
पण तू विचारलेस म्हणून रात्री
मी सुलक्षाकडे जरा नीट पाहिले.
बांगड्या वर सरकवून ती टोपली घासत होती.
मनगटापासून कोपरापर्यंत ठिपके,
तिळाएवढे, काही पांढरे, काही चहाच्या रंगाचे.
मला वाटायचे, जन्मापासूनचे आहेत.

हा चवथीच्या नेवरीचा, ती म्हणाली, फुटली होती.
हा तुमचे डेपोतले साहेब जेवायला आले तेव्हाचा,
घाईत मुडदुशांत पाणी राहिले.
हे तिघे एकाच दिवसाचे.
आणि हा?
हा कसा, ते नाही सांगणार.

मी आयुष्यभर तिकिटांना भोके पाडली.
भोक दिसले की माणूस कुठे चढला, कुठे उतरणार, कळायचे मला.
एवढे पंच झालेले तिकीट
रोज माझ्या ताटात भात वाढत होते
आणि मी म्हणत होतो, अजून एक तुकडा, कुरकुरीत बघून.

मागच्या चवथीला यंत्र आले.
त्यानंतरचा ठिपका शोधला. नाही सापडला.

कढई विकलेली नाही, हेही नोंदून ठेव.
जावई आला की ती निघते.
गेल्या खेपेला झारा मी धरला,
म्हटले, बघू तरी.
पहिल्याच थेंबाला माझी बोंब तुझ्या अंगणात आली असेल,
तुझा कुत्रा भुंकला, ते त्यामुळेच.
सुलक्षा दारात उभी होती, हात बांधून.
काही बोलली नाही.
नुसते म्हणाली, टिंग.

तुमच्याकडे तळते कोण, हे मी विचारत नाही.
बाही तू खाली ओढलीस, ते दिसले.
ऑफर रविवारपर्यंत आहे म्हणतेस,
तर घे.
भज्यांसाठी मात्र नको.