ताळा

रात्रीचा सव्वा वाजलाय. चांदिवली, सातवा मजला.
एसी इतका गार की बॉस्को घोन्साल्विस
मे महिन्यातही मफलर गुंडाळून बसतो.
परळची एक जुनी सहकारी बँक
मोठ्या बँकेत विरघळते आहे,
आणि आमचं काम एवढंच:
ओतताना कुणी सांडलं का, ते बघायचं.

इकडे नऊ कोटी ओळी. तिकडे नऊ कोटी ओळी.

करगुटकरबाई, त्या बँकेतून गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या,
फोनवर म्हणाल्या, आम्ही समोरासमोर बसायचो.
एकीने वाचायचं, दुसरीने लाल टिक करायची.
दुपारपर्यंत वाचणारीचा घसा बसायचा,
मग खुर्च्या बदलायचो.

आता चाळीस यंत्रं आहेत, घसा एकालाही नाही.
नऊ कोटींचे वाटे घातले,
प्रत्येक वाट्याला त्याच्याच मजकुरातून काढलेली मोहोर.
मोहोर मोहरेशी जुळली की गाठोडं सोडायचंच नाही.
नाही जुळली, तर अर्धं करा, पुन्हा मोहोर,
पुन्हा अर्धं,
जोवर बोट एका ओळीवर येऊन टेकत नाही.

पहिल्या रात्री वाटे आडनावावरून घातले. अक्कल माझीच.
एकोणचाळीस यंत्रं पंधरा मिनिटांत हात पुसून मोकळी,
तेवीस नंबरचं एकटंच धापा टाकत राहिलं:
सगळे जाधव त्याच्या दारात.
मीठ टाक, बॉस्को म्हणाला.
म्हणजे प्रत्येक जाधवामागे चिमूटभर आकडा,
एक ते सोळा,
की जाधवांची पंगत सोळा घरांत बसेल.
फक्त इकडच्या आणि तिकडच्या त्याच जाधवाला
चिमूट तीच हवी,
नाहीतर तो स्वतःलाच भेटायचा नाही.

आज रात्री यंत्रं खाल्ल्या मिठाला जागली.
साडेतीनला पडद्यावर उरल्या
दोन हजार एकशे तेरा ओळी.

पहिली उघडली. वत्सला, शाखा तीच, जमा तीच,
सहीचा नमुना क्रमांक तोच.
मग फरक कुठाय?
पती अथवा वडिलांचे नाव: इकडे रिकामं.
तिकडे रिकामं.

विसरलीस ना, बॉस्को म्हणाला,
रिकामं रिकाम्याशी जुळत नाही.
एक माहीत नाही, दुसरंही माहीत नाही,
मग दोन्ही एकच, हे कशावरून?

यावर मला बोलता येईना.
ओळी सरकवत राहिले. झुलेखा. मेटिल्डा. पुन्हा एक वत्सला.
एकाच बालगृहाच्या पत्त्यावरची अकरा पोरं,
प्रत्येकाच्या नावे शंभर रुपये.
आणि एक हजार चारशे सहावी,
बालबचत, सातशे बारा रुपये, मी.
आईने मला काउंटरवर उचलून बसवलं होतं,
संगमरवर गार लागला होता मांड्यांना.
वडिलांचं नाव, असं काचेमागून कुणीतरी विचारलं,
आणि आई म्हणाली होती, पुढे चला.

बॉस्को दुसऱ्या पडद्याकडे बघत होता.
किंवा तसं दाखवत होता.

दुरुस्ती एका ओळीची असते:
रिकामं असेल तिथे दोन्हीकडे एकच खूण धर.
कुठलीही चालते,
फक्त ती कुणाचं खरं नाव असता कामा नये.
मी आडवी रेघ टाकली.
चाळीस यंत्रं पुन्हा पळाली. फरक शून्य.

सकाळी करगुटकरबाईंना कळवलं, ताळा बसला.
रेघेचं सांगितलं, तर म्हणाल्या,
अगं, आम्हीही ओढायचो, पट्टी लावून, शाईने.
कोरी जागा सोडली तर नंतर कुणीही काहीही भरतं.
संगणक आला तेव्हा नोंदी टाकणाऱ्या पोरांना
ते काहीच वाटलं नसेल.
मग विचारलं, तुमच्याकडे शाखा कुठली होती?
मी म्हटलं, तुमचीच.