फक्त दोन शिल्लक

दिवाळीला बोथरा शेठनी शंभर मागवले.
पोरं तुटून पडतील, म्हणाला होता वितरक.
पोरं आली. तुटून पडली ती काचेवर,
नाकांचे ठसे ठेवून गेली.
पैसे बापांच्या खिशात होते
आणि बाप वॉशिंग मशीनपाशी उभे होते.

संक्रांतीला मोजले: त्रेपन्न.
सातारा रस्त्यावर, पद्मावतीच्या अलीकडे, आमच्या माळ्यावर
त्रेपन्न खोकी, आणि त्यांच्या आडोशाला आमचे जेवणाचे डबे.
जेवताना आम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसायचो,
उधारी मागायला आलेल्या पाहुण्याकडे करावी तशी.

मग तुंगारे मॅनेजरांना युक्त्या सुचू लागल्या.
दारात मनोरा रचला.
आधी भाव वाढवला, मग खोडला.
"खोडलेला आकडा मोठा काढ," ते म्हणाले,
"खोडणं दिसलं पाहिजे."
पाट्या माझ्याकडे असतात, माझं अक्षर बरं आहे म्हणून.
मी लिहिलं: फक्त दोन शिल्लक!
शिल्लकमधला ल्ल मला छान जमतो.
दोन गेले की माळ्यावरून दोन उतरवायचे.
एक आजोबा चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"गेल्या गुरुवारीही दोनच होते.
पिल्लं होतात का हो यांना?"

कन्सोलवर मिक्सर फुकट दिला.
मिक्सर खपले.
एका बाईंनी विचारलं, नुसता मिक्सर घेतला तर
ते गेमचं न घेतल्याचे किती कमी होतील?
मी तुंगारेंकडे पाहिलं.
तुंगारे पंख्याकडे.

शेवटी एक फोडला, मोठ्या टीव्हीला जोडून ठेवला:
या, खेळून बघा.
आला फक्त सम्यक.
सहावीतला, दप्तर पोटाशी, एका चपलेचा अंगठा शिवलेला,
क्लास सुटला की साडेपाच ते सहा.
घ्यायचं काही नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं,
"आई म्हणाली खोटं बोलायचं नाही."
तुंगारे म्हणाले, हाकल.
मी म्हटलं, उद्या हाकलतो.

उद्या तो इतका चांगला खेळला
की रिक्षावाला मीटर चालू ठेवून आत आला.
परवा दारात पंधरा माणसं.
सम्यक वळण घेताना खांदा झुकवायचा
आणि सगळ्या गर्दीचे खांदे झुकायचे,
वॉशिंग मशीनपाशी उभ्या बापांचेही.
त्या आठवड्यात नऊ गेले.
तुंगारेंनी त्याला स्वतः स्टूल आणून दिलं,
रोज एक क्रीमरोल लावून दिला,
हिशेबात लिहिलं: जाहिरात, दहा रुपये.

मार्चमध्ये परीक्षा लागली, तो यायचा थांबला.
पण तोवर चाक फिरलं होतं,
बारा हप्ते, शून्य व्याज, पाडव्याचा मुहूर्त,
आणि एका दुपारी पाटी खरी झाली.
मग एक. मग तोही नाही.
उरला तो फोडलेला, टीव्हीखालचा.
तोही मागितला एका वानवडीच्या गृहस्थांनी, नातवासाठी,
चार हजार कमी करून.

बांधण्याआधी यंत्रानं मला विचारलं:
जुन्या खेळाडूची माहिती पुसायची का?
पडद्यावर एकच नाव होतं. एकतिसावी पातळी.
आडनावाच्या जागी त्यानं दुकानाचं नाव घातलेलं.
मागे तुंगारे बिल फाडत होते.
मी नाही दाबलं, आणि वायर गुंडाळली.
वानवडीचा तो नातू
कुणाच्या तरी बत्तिसाव्यापासून सुरू करील,
त्याला वाटेल, असंच असतं.

एप्रिलमध्ये सम्यक आला. सुट्टी लागलेली, केस कापलेले.
टीव्हीखालची रिकामी जागा त्यानं पाहिली,
मग दारातला नवा मनोरा:
कूलर, शेठनी दोनशे मागवलेत,
आणि उन्हाळा यंदा अजून हवा तसा तापलेला नाही.
पाटी माझ्याच अक्षरात होती.
त्यानं ती मोठ्यानं वाचली, माझ्याकडे बघून हसला,
दप्तर नव्हतंच, तरी पोटाशी हात धरून म्हणाला,
"काका, याच्यासमोर बसून दाखवू का?"