तार कापताना

दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेसातला,
ऊन अजून माणसात असतं तेव्हा,
जळगावात, पिंप्राळ्याकडे,
अत्तरदे मॅडमच्या गच्चीवर आम्ही जमतो.
अकरा जण. कधी सात. लग्नसराईत चार.
हिरव्या जाळीखाली झाडं
आमच्याआधी येऊन बसलेली असतात.

शिकवतात भिकन विसपुते.
चाळीस वर्षं सराफ बाजारातल्या माळ्यावर
मांडी घालून त्यांनी पोतीच्या तारा ओढल्या.
आता उंबराच्या फांदीला तांबं गुंडाळतात.
तांबं शकील तडवीच्या दुकानातलं,
जळालेल्या मोटारींच्या पोटातून निघालेलं.
रावेरकडे कुणाच्या तरी केळीला
ह्याच तारेने कधी पाणी पाजलंय.

पहिल्या दिवशी मला झाड दिलंच नाही.
सिमेंटचा उथळ ट्रे, त्यात वीटचुरा,
तापीची रेती, मूठभर शेणखत.
काळी माती चिमूटभरसुद्धा नाही.
"ती उन्हाळ्यात फाटते, पावसात गळा धरते.
कापसाला बरी."
महिनाभर ह्यालाच पाणी घाल, म्हणाले.

घातलं. रिकाम्या ट्रेला, रोज,
बोट पेऱ्यापर्यंत खुपसून, ओल बघून.
सासूबाई खिडकीतून पाहायच्या,
काही बोलायच्या नाहीत,
ते जास्त लागायचं.
तिसऱ्या आठवड्यात आघाडा उगवला.
तसाच घेऊन गेले. विसपुते हसले,
"ह्याने क्लबची फी भरली का विचार."

मे महिन्यात आमची एक वही असते.
कोण गावाला, कोणाची किल्ली कोणाकडे,
कोणाच्या चिंचेला दोन वेळा, कोणाच्या बाभळीला एकदाच.
पारा सेहेचाळीसवर गेला की
धुडकू पाटील दुपारी दोनला स्कूटरवरून
पाच घरांच्या गच्च्या चढतात,
डोक्याला ओला गमछा.
स्वतःच्या घरात, त्यांची बायको सांगते,
कधी तांब्या भरून घेत नाहीत.

एकदा झोप्यांचा नातू आला होता, नववीतला.
म्हणाला, हे झाडाला छळणं नाही का?
गच्ची गप्प झाली. खालून एक रिक्षा गेली.
विसपुत्यांनी उजव्या हाताचं पहिलं बोट
पोरापुढे धरलं:
टोकाशी वाकलेलं, कायमचं, पकडीच्या बाजूला.
"ह्याला कोणी गुंडाळली असेल तार?"
पोरगा बोटाकडे बघत राहिला.
उत्तर मिळालं की नाही, माहीत नाही.
मलाही नाही.

पण त्यांचा खरा धडा वेगळाच.
मी अंजनाची तार उलगडत होते,
सातपुड्याच्या पायथ्याहून आणलेलं बी,
सहा वर्षांचं झाड, वीतभर.
तार जपून, अख्खी, पुन्हा वापरता यावी म्हणून.
"उकलू नको वं माय, कापी टाक.
उलगडताना फांदी मोडते."

नंतर चहा पिताना सांगितलं त्यांनी,
की हेच शिकायला त्यांना सगळ्यात जड गेलं.
जन्मभर दुकानाचा केर चाळला,
नखाखालची धूळसुद्धा घरी नेली नाही,
आणि इथे चांगली तार
तुकडे करून टाकायची, झाडासाठी.
पहिल्या वर्षी त्यांनी उलगडल्या.
तीन फांद्या गेल्या.

यंदा त्यांचा हात थरथरतो.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते नुसतं सांगतात,
इथे, नाही, अजून खाली, हां.
मी कापते.
टक्. टक्.
आणि प्रत्येक तुकड्याखाली
त्यांचा तळवा आपोआप येऊन थांबतो.
एकही खाली पडू देत नाहीत.
शेवटी सगळं हातात हलवून बघतात,
"साडेतीन तोळे," म्हणतात,
आणि शकीलच्या भंगाराच्या डब्यात ओततात.

एका फांदीवर तार जरा आत रुतली होती.
सालीवर गोल वण उरलाय.
मार्चमध्ये काढायची होती, एप्रिलमध्ये काढली.
विसपुते म्हणतात, भरेल, दहा वर्षांत.
ते कोणाच्या हिशेबाने म्हणतात
मी विचारलं नाही.
नवीन आलेली मुलगी रिकामा ट्रे मांडीवर घेऊन
हे सगळं ऐकत होती.
तिला मी झारी दिली.