स्वतःची गरज

वडिलांनी वकिलाकडून लिहून घेतलेल्या पत्रात
माझी गरज मी पहिल्यांदा वाचली.
'माझी मुलगी वीब्के, वय चोवीस,
नर्सिंगचं शेवटचं वर्ष, हॉस्पिटल चालत नऊ मिनिटांवर.'
नऊ मिनिटं खरी होती.
बाकीचं मला कोणी विचारलं नव्हतं.

बर्लिन, मोआबिट, अंगणापलीकडची इमारत, तिसरा मजला.
तिथे एकेचाळीस वर्षं यांकोवियाकबाईंचं बिऱ्हाड.
भाडं इतकं जुनं, की वडील तो आकडा
घरातलं आजारपण सांगावं तसं हळू सांगत.

मी घर बघायला गेले. नुसतं बघायला.
बाईंनी माझ्या ओल्या बुटांकडे पाहिलं
आणि आपल्या सपाता पुढे सरकवल्या.
मग दाखवतच सुटल्या:
किल्ली जरा वर उचलून फिरवायची, नाहीतर अडते.
न्हाणीघरातल्या नळाला रात्री अर्धा फेरा जास्त.
स्वयंपाकघरातली खिडकी जानेवारीत फुगते,
तिला खांदा लावायचा, हात नाही.
'तुझ्या वडिलांना सहा पत्रं टाकली या खिडकीपायी,'
त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नाही;
नव्या सुनेला डब्यांच्या जागा दाखवाव्यात, तसं.
प्लमचा केक होता. मी दोन तुकडे खाल्ले.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
'गरज खरी की कागदावरची, ते बघायचंय.
राहायचंय ना तुम्हाला तिथे?'
हो, म्हणाले मी.
नऊ मिनिटांइतकंच खरं.
'घर पाहिलंय?'
मग मी सांगितलं. किल्ली. नळाचा अर्धा फेरा.
जानेवारीतली खिडकी, आणि खांदा.

इतकं बारीकसारीक कोण सांगेल,
ज्याला तिथे राहायचंच नाही?
निकालात हेच आहे, जरा जड शब्दांत.

यांकोवियाकबाई पलीकडच्या बाकावर होत्या.
मी खिडकीपाशी आले तेव्हा
त्यांची मान हलली, नकळत,
पाढा न चुकता म्हणणाऱ्या पोरीकडे बघून हलते तशी.

सप्टेंबरात त्या कॉटबुसला भाचीकडे गेल्या.
सपाता दाराशीच राहिल्या. विसरल्या की ठेवल्या, कळत नाही.

वडिलांनी लगेच नवी खिडकी मागवली.
माप घ्यायला माणूस आला,
त्याला दार मी उघडून दिलं,
किल्ली जरा वर उचलून.