नमुना क्रमांक एकशे चौदा

पाणी घ्यायच्या आधी
तोटीला आग दाखवावी लागते.
चिमट्यात स्पिरिटचा बोळा धरून मी वाकते
तेव्हा गल्लीतली पोट्टी हसतात :
"पाण्याले जाळून ऱ्हायली बाई!"

मग तोटी पूर्ण सोडायची, दोन मिनिटं.
इथे, नाईक तलावाच्या मागे,
दिवसाआड सव्वाअकराला जे येतं
त्यातलं दोन मिनिटं वाहू द्या म्हणणं
म्हणजे कुणाच्या ताटातली पोळी उचलणं.
बारापात्रेबाई मुकाट खाली बादली लावतात.
नियमात बादलीबद्दल काही लिहिलेलं नाही.

क्लोरीन तिथल्या तिथे पाहायचं.
थेंब टाकले, नळी हलवली.
पिवळं यायला हवं, निदान हळदीच्या बोटाइतकं.
नाही आलं.
मी पुन्हा थेंब टाकले,
जणू चूक माझीच.

शेजारी तीन टुल्लू पंप घरघरतात.
पंप ओढतो तेव्हा
नालीला चिकटून गेलेला जुना पाइप काय काय ओढतो
ते मला ठाऊक, त्यांनाही.
चिठ्ठीवर लिहिते : एकशे चौदा, वेळ, गल्ली, नाव.
बाटली बर्फाच्या डब्यात उभी करते
आणि उठणार, तोच
बारापात्रेबाई आतून तांब्या-फुलपात्र घेऊन :
"ऊन किती तपून ऱ्हायलं मॅडम, पाणी तं घ्या."

मे महिन्यात पाण्याला नाही कसं म्हणायचं
हे कुठल्या परिपत्रकात आहे?
निकालाला अठ्ठेचाळीस तास.
फुलपात्र आत्ता समोर.

प्यायले.
गोड होतं.
जंतूंना चव नसते, हे प्रशिक्षणात
मीच सांगते सगळ्यांना.

शुक्रवारी उलट्या ठेवलेल्या छोट्या नळ्यांत
बुडबुडे धरले होते.
शिक्का उमटला : पिण्यास अयोग्य.
एक प्रत महापालिकेला, एक आरोग्य अधिकाऱ्यांना,
एक फायलीला.
आता पत्राला उत्तर येईल,
उत्तरात फेरनमुना मागतील.
बारापात्रेबाईंना प्रत नाही.

सुटल्यावर स्कूटी तिकडेच वळवली.
दारातूनच सांगितलं, "पाणी उकळून घेत जा,
चांगलं खळखळ. पोराला तर तसं देऊच नका."
"अन् गॅस कोन देईन?" त्या म्हणाल्या.
मग माझ्या तोंडाकडे पाहात,
"तुमाले काई झालं तं नाई ना?"
मी मान हलवली. दोन दिवस पोट धरून बसले होते
ते अहवालात नाही, इथेही नाही सांगितलं.

"मंग बसा," म्हणाल्या, "चहा मांडतो.
तो तं उकळतेच."