नवव्या टाकीत शून्य

रात्री दोनची फेरी.
काचेच्या अठ्ठेचाळीस टाक्या, एकेकीत एकेक कुटुंब,
आणि पाण्यात थेंब मोजून घातलेलं विष.
विष म्हणायचं नाही, इंजिनियर वॉशिंग्टन सांगतो,
अमोनिया म्हणायचं.
तळ्यात आपोआप होतो तोच:
उरलेल्या खाद्यातून, विष्ठेतून,
दाटीवाटीनं नुसतं असण्यातून.

ओब्दुलिया काचेला बॅटरी टेकवते.
मेलेली कोळंबी दुधाळ दिसते.
जिवंत असली तर आरपार, पाठीत फक्त एक काळी रेघ,
संध्याकाळचं जेवण अजून पोटात.
पाटीवर ती दुधाळ तेवढ्या लिहिते.
एकोणीस. सोळा. बावीस.
नवव्या टाकीत शून्य.
वाकून पुन्हा बघते. शून्य.
शंभरच्या शंभर मिशा हलवत
तिच्याकडे तोंड करून.

ही बाराव्या पिढीतली.
ज्या साली ग्वायाकीलच्या आखाताकाठी तळ्यामागून तळं पांढरं पडलं
आणि मालक लोक बँकेच्या पायऱ्यांवर बसून राहिले,
त्या साली टोकाच्या, सगळ्यात घाणेरड्या तळ्यातून
म्हाताऱ्या एलिसेओनं सदतीस उचलल्या होत्या.
बादलीवर सदरा झाकून, उघड्या अंगानं
त्यानं त्या बोटीतून आणल्या.
एलिसेओ गेला. बादली अजून आहे,
तिच्यात आता फडकी भिजतात.

तेव्हा ओब्दुलिया तिवरांत खेकडे काढायची.
काखेपर्यंत हात चिखलात,
बिळाच्या तोंडावरून ओळखायची नर की मादी.
मग तिवरं तुटली, खाजणाची तळी झाली.
तोडणाऱ्यांत तिचा बापही होता, रोजावर.
हात तेच राहिले, चिखल काचेत आला.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, म्हणतात.
दगडाचं खरं असेल.
या टाकीतून तगून निघालेलीच्या
शेपटीत केशरी ठिपका टोचतात,
आणि मादी असली तर
तिचा एक डोळा जातो.
चिमट्यानं, चटकन, म्हणजे अंडी लवकर धरते.
उरलेल्या डोळ्यानं ती दुसऱ्या दिवशी खाद्य शोधते.
ओब्दुलिया दर वेळी काहीतरी पुटपुटते त्याआधी.
काय, ते कुणी विचारलेलं नाही.

सकाळी वॉशिंग्टन पाटी वाचतो
आणि तिच्या खांद्यावर थाप मारतो, चक्क दोनदा.
नऊ नंबर! या तर गटारातसुद्धा नाचतील, दोन्या ओब्दू!
तिथल्या तिथे हिशेब करतो,
पंख्याची निम्मी चाकं बंद ठेवली तर इतकं डिझेल,
पाणी आठवड्याऐवजी महिन्यानं बदललं तर तितकं.
ती म्हणते, पण चांगल्या पाण्यात या किती वाढल्या असत्या?
तो हसतो. चांगलं पाणी कशाला, सोसतंय ना?

सोसतंय.
हा शब्द ती घरापर्यंत चघळत जाते,
जिभेला काटा लागावा तसा.

घरी टँकरचं पाणी, निळं पिंप, वर फळी, फळीवर दगड.
एप्रनच्या खिशात चाचणीची नळी राहून गेलेली,
आणि तीन बाटल्या. राहून गेल्या म्हणते ती.
पहिलीतले आठ थेंब, दुसरीतले आठ, तिसरीतले आठ.
नातू एलादियो बाकावर चढून बघतो.
पिवळं! लिंबू आहे?
थांब.
पंधरा मिनिटं कुणी काही बोलत नाही,
नळीच्या तळाकडून
पोपटी रंग वर चढत जातो,
घाई नसल्यासारखा.

रंगांचा तक्ता तिला पाठ आहे.
पेन्सिल कानावर आहे. पाटी नाही.
एलादियोकडे बघते, त्याच्या गुडघ्यांकडे,
दारात केस विंचरणाऱ्या सुनेकडे,
सगळे आरपार, उन्हात.

नळी ती केळीच्या बुंध्याशी ओतते, तीनदा विसळते,
पिंपातूनच भांडं भरून चुलीवर ठेवते.
उकळायला लागलं की कॉफी टाकते,
आज दोन चमचे जास्त.