बादलीभर हिरवं

स्वारगेटहून सुटलेल्या वेल्ह्याच्या एसटीत
माझ्या मांडीवर रंगाची जुनी बादली,
वर ओलं फडकं.
मासे का, कंडक्टरनं विचारलं.
म्हटलं, अ‍ॅझोला. कॉलेजातल्या टाकीतला.
त्यानं फडकं उचललं, नखाएवढी पानं पाहिली,
म्हणाला, शेवाळाला कुठं हाफ तिकीट लावू?

नसरापूर गेलं, मार्गासनी आली,
प्रत्येक गतिरोधकाला थोडं पाणी साडीवर.
अकरा वर्षं मी प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुते;
एवढं कळलंय, की या पानाच्या पोटात
एक निळंहिरवं बिऱ्हाड राहतं,
भाडं म्हणून हवेतला नत्र देतं.

आवणीला आठ दिवस झालेले.
चिखलणीत तुडवलेल्या गिरिपुष्पाच्या पाल्याचा
कुजका, गोडसर वास अजून पाण्याला.
मी मूठमूठ सोडत गेले.
खालच्या खाचरातून गेणभाऊ शिळीमकर हसले,
"तायडे, पुण्याची घाण आणलीस व्हय?"
त्यांच्या बांधावर युरियाच्या दोन गोण्या,
एक फोडलेली, तिच्यावर इरलं.

पुढच्या शनिवारी खाचरावर हिरवी गोधडी.
त्याच्या पुढच्या शनिवारी
नुसतं गढूळ पाणी.
रात्री बांध फुटला, भाऊ म्हणाला,
तुझं सगळं खाली गेलं.

वाकून पाहिलं. गेणभाऊंच्या रोपांच्या बुडाशी
तेच, नखाएवढं,
आजोळी आल्यागत ऐसपैस.
सातबारा वाचता येत नाही त्याला.
मला राग आला, खरं सांगते.
बादली तिथंच बांधावर टाकून
मी दुपारचीच गाडी धरली.

गेणभाऊंची दुसरी गोण
म्हणे शिवलेलीच राहिली.
की पुतण्याला दिली, ठाऊक नाही.
आश्विनात आमचं भात त्यांच्याहून
दोन पोती कमी भरलं.
हेही लपवत नाही.

दिवाळीला ते ओट्यावर आले.
हातात माझीच बादली, राखेनं घासलेली,
आत पाणी, पाण्यात मूठभर हिरवं.
"आडापाशी खड्ड्यात जगवलंय," म्हणाले,
"उन्हाळ्यात सावली लागंल त्याला.
करंजाखाली ठेव."
चहाला थांबले नाहीत,
उसनं पीठ परत करून
शेजारीण जाते, तसे उतरून गेले.